नाताळची खेळणी : गल्लीतला भाव आणि मोबाइलवरचा भाव

डिसेंबर लागला की पनवेलच्या जैन घरांत दोन निराळे विषय एकाच वेळी चालू असतात. एकीकडे पार्श्वनाथ भगवानांच्या जन्मकल्याणकाची, पोष दशमीची तयारी असते. आजी अठ्ठमच्या पच्चक्खाणाचा विचार करीत असते. दुसरीकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेला नातू सांगत असतो की वर्गात ‘सीक्रेट सांता’ आहे, चिठ्ठीत मित्राचे नाव निघाले आहे आणि भेट दीडशे रुपयांच्या आतलीच हवी. शिवाय सुट्टीत खेळायला स्वतःसाठी रिमोटची गाडीही हवी असते. नाताळ हा जैनांचा सण नव्हे, हे घरात सर्वांनाच ठाऊक असते. पण शाळा, सुट्टी आणि मित्रमंडळी यांच्या वाटेने खेळण्यांची खरेदी घरात येतेच.

या घरांपैकी पुष्कळांचे स्वतःचे दुकान असते. कापडाचे, भांड्यांचे, किराण्याचे किंवा हार्डवेअरचे. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या गृहस्थाला ‘शेठ, हेच ऑनलाइन दोनशेने स्वस्त मिळते’ हे वाक्य वारंवार ऐकावे लागते आणि ते झोंबते. रात्री दुकान वाढवून तो घरी येतो, जेवण होते आणि मुलाच्या गाडीसाठी तोच गृहस्थ मोबाइल उघडतो. व्यापारी म्हणून ज्याची तक्रार करायची, तेच ग्राहक म्हणून करायचे, अशी ही अवस्था आहे. म्हणूनच खेळण्यांच्या भावाची तुलना हा व्यापारी कुटुंबासाठी नुसता पन्नास-शंभर रुपयांचा प्रश्न उरत नाही. ती हिशेबाने आणि काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहायला हवी.

मालाच्या दोन वाटा

पनवेल हे जुने बाजाराचे गाव. येथील नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली, तीही रायगड जिल्ह्यातील पहिली. कापड बाजार, मिरची गल्ली, टपाल नाका, लाईन आळी या भागांत आसपासच्या गावांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या खरेदीला येत आली. पुढे नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या सिडकोच्या वसाहती वाढल्या. गिऱ्हाइकांची संख्या वाढली, मात्र त्यांच्या सवयी बदलल्या. मॉल आले आणि त्यामागोमाग घरपोच माल देणारी दुचाकीही आली.

गावातल्या लहान दुकानात खेळणे पोहोचण्याची वाट लांब असते. दुकानदार लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठतो, क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक पेढ्यांवर माल निवडतो आणि डझनाच्या भावाने घेतो. त्यात त्याचे भांडवल अडकते. जागेचे भाडे, वीज, नोकराचा पगार आणि जानेवारीत न विकला जाणारा माल हे सारे त्याच्या भावात मिसळलेले असते.

ऑनलाइन विक्रेत्याचा खर्च निराळा आहे. भिवंडीसारख्या गोदामांच्या गावातून माल थेट ग्राहकाच्या दारी जात असेल, तर त्याला बाजारपेठेतील भाडे पडत नाही. मोठ्या संख्येने खरेदी केल्यामुळे नामांकित कंपनीचा माल त्याला अधिक स्वस्त पडू शकतो. मात्र संकेतस्थळाचे कमिशन, पॅकिंग, पोहोचवण्याचा खर्च आणि परत आलेल्या मालाचा तोटा त्याच्या डोक्यावर असतो. यातून एक साधा नियम निघतो. पोहोचवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीवर फारसा अवलंबून नसतो. म्हणून दीड-दोन हजारांच्या नामांकित खेळण्यावर तो जाणवत नाही, पण शंभर-दीडशेच्या खेळण्यावर जड होतो. मोठे, ब्रँडचे, एकच नग असलेले खेळणे बहुधा ऑनलाइन स्वस्त पडते. छोटी खेळणी, वाढदिवसाला वाटायच्या डझनभर भेटवस्तू आणि ‘सीक्रेट सांता’ची दीडशेच्या आतली भेट गावातच स्वस्त मिळते.

परदेशी मालाबद्दलची जुनी समजूतही आता तपासून घ्यायला हवी. शेजारच्या उरण तालुक्यात १९८९ पासून न्हावा शेवा बंदर आहे आणि त्याचे कंटेनर पनवेलच्या परिसरातूनच देशभर जातात. मात्र खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. एवढे शुल्क भरलेले परदेशी खेळणे फार स्वस्त असू शकत नाही. मग ते गल्लीत असो वा मोबाइलवर, अतिशय स्वस्त दिसणाऱ्या अशा मालाबाबत शंका घ्यायला जागा आहे.

तुलना करायची ती शेवटच्या आकड्याची

पहिली चूक होते ती खोडलेल्या आकड्याकडे पाहण्यात. समजा, एका गाडीच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत ९९९ रुपये छापली आहे. मोबाइलवर ती खोडून ६४९ दाखवले आहेत. ‘साडेतीनशे वाचले’ असे वाटते. प्रत्यक्षात गावातला दुकानदारही ९९९ घेत नाही. छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे, विक्रीचा भाव नव्हे. तो बोलल्यावर ७५० ला देतो असे धरू. आता मोबाइलवर पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जावे. ६४९ मध्ये पोहोचवण्याचे ४० आणि हाताळणीचे १० मिळवले की ६९९ होतात. तफावत साडेतीनशेची नाही, ५१ रुपयांची आहे. दुकानदाराने सेल घालून, गाडी जमिनीवर फिरवून दाखवली आणि ते सेल तसेच दिले, तर ती आणखी कमी होते. तरीही मोबाइलवरची गाडी थोडी स्वस्तच राहते आणि ते प्रांजळपणे मान्य करावे.

दुसरे उदाहरण दीडशेच्या कोड्याचे घेऊ. मोबाइलवर १२९, पोहोचवण्याचे ५०, एकूण १७९. गावात १४०. येथे गावाचे दुकान ३९ रुपयांनी स्वस्त आहे. पोहोचवण्याचा खर्च टाळण्यासाठी ‘आणखी तीनशेची खरेदी करा’ ही सूचना मानली, तर दीडशेच्या भेटीसाठी साडेचारशे खर्च झालेले असतात.

तुलना एकाच वस्तूची व्हायला हवी, हेही महत्त्वाचे. चित्र सारखे असले तरी एका खोक्यात ६० ठोकळे आणि दुसऱ्यात १०० असू शकतात. कंपनीचे नाव, मॉडेलचा क्रमांक, नगांची संख्या, वयोगट आणि सेल किंवा चार्जर सोबत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय दोन आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही. शेवटी तारीखही पाहावी. २४ डिसेंबरला बिघडलेले खेळणे घरी आले, तर पैसे परत मिळतील, पण भेट द्यायचा दिवस निघून गेलेला असेल.

कर कमी झाला, तो कोणाच्या खिशात?

या हिशेबात २०२५ सालापासून एक नवी गोष्ट आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवर मात्र १८ टक्के कर कायम राहिला. म्हणजे लाकडी कोडे, बाहुली, तीनचाकी सायकल यांचा भाव उतरायला हवा; रिमोटच्या गाडीचा या कारणाने उतरणार नाही.

हिशेब सोपा आहे. करासह ११२० रुपयांच्या खेळण्याची मूळ किंमत १००० रुपये होती. आता ५ टक्क्यांनी ती १०५० होते. वाचले ७० रुपये, म्हणजे जुन्या किमतीच्या सव्वासहा टक्के. जुन्या ११२० वर ‘सहा टक्के खास नाताळ सूट’ अशी पाटी कोणी लावली, तर त्याने स्वतःच्या पदरचे काहीच दिलेले नाही. जो कर सरकारने सोडला, तोच सवलत म्हणून विकला जात आहे. असे मोबाइलवरही घडू शकते आणि गल्लीतही. न विकलेल्या जुन्या मालावर सुधारित किमतीची चिकटपट्टी लावण्याची मुभा ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत देण्यात आली होती. त्यामुळे त्या नाताळात एकाच खोक्यावर दोन आकडे दिसणे शक्य होते. अशा वेळी नवा, कमी आकडा धरूनच बोलणी करावीत.

येथे सावंतवाडीची आठवण करणे योग्य ठरेल. चितारआळीत घडणारी रंगीत लाकडी फळे आणि खेळणी ही महाराष्ट्राची जुनी कारागिरी. कराच्या यादीत ‘सावंतवाडीची लाकडी खेळणी’ असा नावानिशी उल्लेख आहे आणि त्यांवरील करही ५ टक्क्यांवर आला आहे. सेल लागत नाही, आवाज नाही, वर्षानुवर्षे टिकते. भावाच्या तुलनेत टिकाऊपणाचा रकाना धरला, तर असे खेळणे पुष्कळ पुढे जाते.

स्वस्त खेळणे आणि सुरक्षित खेळणे

खेळणे लहान मुलाच्या हातात जाते, पुष्कळदा तोंडातही जाते. म्हणून १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. साध्या खेळण्यांना भारतीय मानक ९८७३ आणि विजेवर चालणाऱ्यांना १५६४४ लागू आहे. रंगातील शिसे, सुटणारे बारीक भाग, टोकदार कडा यांसारख्या धोक्यांची तपासणी यामागे असते. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही, हे कळते. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे; म्हणून लाकडी खेळण्यावर चिन्ह नसले की ते बेकायदाच, असे समजू नये.

चिन्हाविना माल केवळ फुटपाथवर असतो, हाही भ्रम आहे. जानेवारी २०२३ मध्ये मानक ब्यूरोने महिनाभरातील छाप्यांत सुमारे १८,६०० खेळणी जप्त केल्याचे जाहीर केले. त्यांत मोठी, नावाजलेली दालनेही होती. त्याच सुमारास मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनाही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा पाठवल्या. मोबाइलवर चित्र पाहताना चिन्ह दिसत नसेल, तर खरेदी करू नये. दुकानात खोके हातात घेऊन ते पाहावे. शंभर रुपयांची बचत आणि बाळाच्या तोंडात जाणारा रंग यांची तुलनाच होऊ शकत नाही.

कायदा दोघांनाही सारखाच

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता, मालाचा देश, परतीच्या अटी हे सारे संकेतस्थळावर दिसले पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या रचनेचे १३ प्रकार निषिद्ध ठरवले. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू आणि शेवटच्या पानावर फुगणारा भाव हे त्यांतलेच.

कायद्याचे दुसरे टोक गल्लीतल्या दुकानाकडेही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणे, हीसुद्धा अनुचित प्रथाच. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अनेक पेढ्यांवर आजही आहे. ती आता उतरवलेली बरी. ग्राहकाची तक्रार कोणाहीविरुद्ध असो, राष्ट्रीय हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक एकच आहे.

व्यापाऱ्यांचा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे : मोठ्या कंपन्या तोटा सोसून भाव पाडतात आणि ठरावीक विक्रेत्यांनाच पुढे करतात. परदेशी गुंतवणूक असलेल्या अशा संकेतस्थळांनी विक्रीच्या भावावर प्रभाव टाकू नये, असे केंद्र सरकारचे २०१६ चे धोरण सांगते. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये, दिल्लीच्या व्यापारी संघटनेच्या तक्रारीवरून, अशा दोन बड्या कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. हा लढा न्याय्य असला तरी त्याचा निकाल लागेपर्यंत दुकान चालवायचे आहे आणि आपली बाजू स्वच्छ ठेवायची आहे.

अचौर्याचा आरसा

येथे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाकडे वळावेसे वाटते. दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या या ग्रंथात श्रावकाच्या अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ते वाचताना एखाद्या आजच्या बाजारपेठेचे वर्णन चालू आहे असे वाटते. चोरीला प्रोत्साहन देणे, म्हणजे स्तेनप्रयोग. चोरून आलेला माल घेणे, म्हणजे तदाहृतादान. शुल्क चुकवून आलेली खेळणी याच्या जवळ येतात. राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे, म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम. बिलाविना विक्री आणि उतरलेला कर खिशात ठेवणे त्याहून फार दूर नाही. खोटी मापे वापरणे, म्हणजे हीनाधिक मानोन्मान. फुगवलेली छापील किंमत आणि मोठ्या खोक्यात थोडे ठोकळे ही त्याचीच नवी रूपे. आणि अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपवणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार. नामांकित कंपनीसारखे दिसणारे नकली खोके हे त्याचे उघड उदाहरण. आजचे मापनशास्त्राचे नियम आणि ग्राहक कायदे ज्या गोष्टींना मनाई करतात, त्यांतील बहुतेक श्रावकाला आधीच वर्ज्य होत्या.

ग्राहकाचे काय? दुकानात पाहणे आणि न घेणे यात दोष नाही. दहांतले चार जण नुसते पाहून जातात, हे धरूनच दुकानदार पायरीवर पाणी शिंपडतो. पण ऑनलाइन घ्यायचे आधीच ठरवून दुकानात जावे, चार खोकी उघडायला लावावीत, कोणते टिकेल आणि कोणत्या वयाला कोणते चालेल हे विचारून घ्यावे, मग बाहेर येऊन मोबाइलवर मागणी नोंदवावी, हे निराळे आहे. दुकानदाराने तो अर्धा तास विक्रीच्या आशेने दिलेला असतो. आशा खोटी असताना तो घेणे म्हणजे न दिलेले घेणेच होय. ज्या घराला स्वतःच्या काउंटरवर हा अनुभव रोज येतो, त्या घराने तरी तो दुसऱ्याला देऊ नये.

यावर सरळ उपाय आहे. मोबाइलवरचा शेवटचा आकडा दुकानदाराला आधीच सांगावा : ‘काका, घरपोच सातशेला पडते आहे; तुम्हाला परवडेल का?’ परवडत असेल तर तो देईल. पन्नासचा फरक असेल, तर तपासून मिळालेली वस्तू, हातात मिळालेले बिल आणि बिघडल्यास दहा मिनिटांवर असलेला माणूस यांचे मोल प्रत्येक कुटुंबाने आपले आपण ठरवावे. आणि फरक तीनशेचा असेल, तर खोकी न उघडता, आभार मानून बाहेर पडावे. त्यात कोणाचाच अपमान नाही. गावच्या दुकानातून घ्या, एवढे भावनिक आवाहन पुरेसे नसते. व्यापाऱ्याला दया नको, वाजवी संधी हवी असते.

काउंटरच्या आतल्या बाजूने

ही संधी घेण्यासाठी दुकानदारालाही बदलावे लागेल. कोणाला ९००, कोणाला ७५० असे तोंड पाहून भाव सांगण्याचे दिवस गेले. गिऱ्हाइकाच्या हातात आता दुसरा आकडा असतो. वस्तूवर विक्रीचा भाव लिहिलेला असावा, उतरलेला कर भावात दिसावा, चिन्हाविना माल ठेवू नये, पक्के बिल द्यावे आणि नाताळची भेट ३१ डिसेंबरपर्यंत बदलून मिळेल असे बिलावरच लिहावे. ज्या बाबतीत गावाचे दुकान जिंकते, ती छोटी खेळणी, डझनाच्या भेटी आणि तीनचाकीची जोडणी, त्यावर भर द्यावा.

मोबाइलचा बाजार लहान दुकानदारालाही बंद नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशन योजनेतील व्यापारी आणि नोंदणीची मर्यादा न ओलांडलेले लहान विक्रेते, विहित अटींवर, राज्यातल्या राज्यात ई-वाणिज्याद्वारे माल विकू शकतात. नियमित नोंदणी असलेल्यांसाठी संकेतस्थळाने कापून घ्यायचा कर १० जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्धा टक्का झाला. लहान दुकानांना एका कंपनीच्या दावणीला न बांधता विकता यावे, म्हणून ‘ओएनडीसी’ हे खुले जाळे उभे करण्यात आले आहे. मिरची गल्लीतल्या दुकानातून कामोठ्याच्या घरी खेळणे पोहोचवणे हे भिवंडीहून पोहोचवण्यापेक्षा अवघड नाही.

एक वही आणि एक मूल

राहिला तो परिग्रह परिमाणाचा प्रश्न. कुठे स्वस्त, हे विचारण्याआधी हवे आहे का, हे विचारायचे असते. कपाटात सेल संपलेल्या तीन गाड्या पडल्या असतील, तर चौथी कोणत्याही भावाने महागच. जुन्या गाड्या दुरुस्त करून तालुक्यातील एखाद्या आदिवासी वाडीच्या अंगणवाडीला द्याव्यात आणि मगच नवी घ्यावी, असा नियम घरात ठेवता येईल. बंदुकीचे खेळणे कुठेही कितीही स्वस्त असले तरी ते घरात का आणायचे नाही, हेही याच वेळी मुलाला समजावता येते.

आणि भावाचा हिशेब मुलालाच करू द्यावा. एका पानावर दोन रकाने आखावेत : गावातले दुकान आणि मोबाइल. खाली क्रमाने लिहावे : विक्रीचा भाव, पोहोचवण्याचा खर्च, सेल, आयएसआय चिन्ह, बदलून मिळण्याची मुदत. बेरीज त्याने मांडावी, निर्णयही त्यानेच सुचवावा आणि दुकानात गेल्यावर आकडा काकांना त्यानेच सांगावा. जे मूल उद्या पेढीच्या गादीवर बसणार आहे, त्याने आज काउंटरच्या या बाजूला उभे राहून खरा भाव विचारायला आणि खरा भाव सांगायला शिकावे. त्या दिवशी गाडी कुठूनही आली, तरी ही खरेदी घराच्या फायद्याचीच ठरेल.